भूछत्राचं नाव नंतर, काम आधी: जंगलातली अळंबी वाचण्याची रीत

पाऊस झाल्यावर जंगलात भूछत्रं दिसली की माणूस दोनच प्रश्न विचारतो. याचं नाव काय, आणि हे खाता येतं का? पहिल्याचं उत्तर पुष्कळदा सूक्ष्मदर्शकाशिवाय मिळत नाही, कधी कधी तर डीएनए तपासल्याशिवायही नाही. दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर जिवावर बेततं. तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही, पण गुडघे टेकून बसायची तयारी असली तर त्याचं उत्तर कुणालाही जागेवरच मिळतं: हे भूछत्र पोट कशावर भरतंय?

या लेखाचा सगळा भर त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे. त्याचं उत्तर कळलं की त्या जागी जमिनीखाली, लाकडाच्या आत आणि मुळांच्या टोकांशी काय चाललंय हे बरंचसं उलगडतं. शास्त्रीय नाव मिळालेली कवकं, म्हणजे भूछत्रं आणि बुरशी ज्यांत येतात ते जीव, आजवर साधारण दीड लाख आहेत. प्रत्यक्षात ती २२ ते ३८ लाख असावीत असा २०१७ सालचा अंदाज आहे. म्हणजे नाव न मिळणं ही इथली रोजची गोष्ट आहे, त्यासाठी अडून बसू नये.

निघण्यापूर्वी एवढं डोक्यात असू द्या

कवक ही वनस्पती नाही. त्याच्याकडे हरितद्रव्य नसतं. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं, खेकड्याच्या कवचात आणि किड्यांच्या अंगावरच्या कडक आवरणात असतं तेच. ते आपली विकरं बाहेर सोडतं, अन्न शरीराबाहेरच पचवतं आणि विरघळलेला रस शोषून घेतं. हे काम करतं ते कवकजाल, म्हणजे २ ते १० मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंचं जाळं. ते वर्षभर, कधी शेकडो वर्षं, लाकडात किंवा मातीत पसरलेलं असतं. आपल्याला दिसतं ते भूछत्र बीजाणू हवेत सोडण्यापुरतं वर येतं आणि काही दिवसांत विरून जातं.

पोट भरण्याच्या रीती ढोबळमानाने तीन. काही कवकं मेलेलं कुजवतात. काही जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात. काही जिवंताला ओरबाडून खातात. या कप्प्यांच्या भिंती पक्क्या नाहीत. आर्मिलारिया नावाचं कवक आधी झाड मारतं आणि मग तेच लाकूड निवांत कुजवत बसतं. तरी सुरुवातीला हे तीन कप्पे पुरतात.

सामान आणि वेळ

दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी सुरी, मोजपट्टी, कागदी पाकिटं, वही आणि पेन्सिल. पेन्सिलच घ्या, ओल्या कागदावर बॉलपेन चालत नाही. एक छोटा आरसाही बरोबर ठेवा, तो टोपीखाली सरकवला की भूछत्र न उपटता खालची बाजू दिसते. प्लॅस्टिकची पिशवी नको. तिच्यात भूछत्राला घाम सुटतो आणि घरी पोहोचेपर्यंत त्याचा चिखल होतो.

भर पावसात जाऊन उपयोग नाही. चांगली झड लागून गेल्यानंतरचे काही दिवस सगळ्यात फलदायी. पाचोळ्यावरची बारकी भूछत्रं लवकर उगवतात आणि लवकर जातात. झाडांच्या मुळांशी जोडलेली मोठी भूछत्रं पुष्कळदा मातीत ओल खोलवर मुरल्यानंतर येतात. लाकडावरच्या कडक, फळीसारख्या ब्रॅकेट बुरशी मात्र वर्षभर भेटतात.

राखीव जंगलात परवानगीशिवाय काहीही तोडू नका, हे वेगळं सांगायला नको. भूछत्राला नुसता हात लावल्याने विषबाधा होत नाही, पण हात धुवा आणि चाखून बघायचा मोह पूर्णपणे टाळा. पडलेला ओंडका उलटायचा तर पलीकडची कड धरून स्वतःकडे ओढा. मग फट पलीकडच्या बाजूला उघडते आणि खाली साप-विंचू असला तर तो तुमच्या पायाकडे न येता तिकडे निघून जातो. पाहून झालं की ओंडका होता तसाच परत ठेवायचा. त्याच्या खालच्या ओलाव्यावर बऱ्याच जणांचा संसार चाललेला असतो.

पहिली पायरी: बूड शोधा

भूछत्र दिसलं की नजर आपोआप टोपीवर जाते. ती खाली न्या. देठ जिथे संपतो तिथली माती किंवा पाचोळा बोटाने हळूच बाजूला करा आणि देठ नक्की कशाला चिकटलाय ते बघा. मातीतून आल्यासारखं वाटणारं भूछत्र कितीतरी वेळा चार बोटं खाली गाडल्या गेलेल्या फांदीवर किंवा जुन्या मुळावर उभं असतं. हे न तपासता वहीत ‘मातीवर’ असं लिहिलं की पुढचे सगळे निष्कर्ष चुकतात. वाट्टेल ते झालं तरी ही पायरी गाळू नका.

बुडाशी पिशवीसारखं किंवा वाटीसारखं आवरण आहे का, हेही इथेच कळतं. ओळखीच्या आणि विषबाधेच्या दृष्टीने ही खूण फार महत्त्वाची आहे, आणि देठ वरून कापून घेणाऱ्याच्या हातून ती नेमकी निसटते.

बुडाखाली चार शक्यता: लाकूड, पाचोळा, माती किंवा इतर काही. इतरमध्ये शेण, मेलेले किडे, वाळवीचं वारूळ, जळालेली जमीन हे सगळं येतं.

दुसरी पायरी: लाकूड असेल तर कुज बघा

माझ्या मते जंगल वाचायला सगळ्यात सोपी आणि सगळ्यात श्रीमंत जागा म्हणजे कुजणारा ओंडका. लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात: सेल्युलोज व त्याचे भाऊबंद, आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारं लिग्निन. लिग्निन मोडणं हे जीवसृष्टीतल्या अवघड रासायनिक कामांपैकी एक आहे. ते मोठ्या प्रमाणावर पार पाडतात ती ही कवकंच.

कुजलेला तुकडा हातात घ्या आणि बोटांनी मोडा.

तो फिकट, मऊ, तंतूतंतू होऊन सुटत असेल, पिळल्यावर पाणी देत असेल, तर ती पांढरी कुज. इथल्या कवकाने लिग्निन खाल्लंय आणि उरलेले सेल्युलोजचे धागे पांढुरके दिसतायत. रुंद पानांच्या झाडांवर ही जास्त आढळते.

तो तपकिरी असेल, आडव्याउभ्या भेगा पडून त्याचे चौकोनी ठोकळे झाले असतील आणि चिमटीत चुरल्यावर कोरडी पूड होत असेल, तर ती तपकिरी कुज. इथे सेल्युलोज संपलंय आणि बदललेलं लिग्निन मागे राहिलंय. सूचिपर्णी जंगलांत ही नेहमीची. ही तपकिरी पूड लवकर नाहीशी होत नाही. ती जमिनीत मिसळून दीर्घकाळ टिकते, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेल्या कार्बनचा एक वाटा तिथे अडकून राहतो.

आता लाकडाच्या कापलेल्या किंवा फुटलेल्या भागावर नजर टाका. पेनाने काढल्यासारख्या बारीक काळ्या, नागमोडी रेषा दिसतात का? त्या सरहद्दी आहेत. एकाच ओंडक्यात शेजारी शेजारी राहणारी वेगवेगळी कवकं एकमेकांना थोपवण्यासाठी मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याच्या भिंती उभ्या करतात, आणि त्या कापात रेषांसारख्या दिसतात. हातभर लाकडात पाचसहा कप्पे दिसले, तर तिथे तेवढ्या वाटेकऱ्यांची भांडणं चालू आहेत असं समजा.

ब्रॅकेट बुरशीची दिशा हा माझा सगळ्यात आवडता पुरावा. तिच्या खालच्या बाजूची छिद्रं गुरुत्वाकर्षणाच्या रेषेत, सरळ खाली तोंड करून असावी लागतात, नाहीतर बीजाणू बाहेर पडत नाहीत. म्हणून पडलेल्या ओंडक्यावरच्या ब्रॅकेट नीट बघा. त्या जमिनीला समांतर असतील, तर झाड पडल्यावर वाढल्या. पुस्तकाच्या पानांसारख्या उभ्या असतील, तर झाड उभं असतानाच्या आहेत, म्हणजे कवक पडण्याआधीपासून आत होतं. कधी एकाच ब्रॅकेटचा जुना भाग एका दिशेला आणि नवा थर काटकोनात वळलेला दिसतो. झाड कोसळल्याची नोंदच ती.

जिवंत झाडाच्या खोडावर ब्रॅकेट दिसली म्हणजे झाड चाललं, असं लगेच ठरवू नका. खोडाचा गाभा तसाही मृत पेशींचा असतो. गाभा कुजवणाऱ्या कवकासोबत झाड कित्येक दशकं जगू शकतं. पोकळ झालेलं खोड म्हणजे पक्षी, वटवाघळं आणि मधमाश्यांना मिळालेलं घर. सुतार पक्षीही कवकाने मऊ केलेली जागा हेरून पोखरतात. वस्तीजवळच्या, माणसांच्या वाटेवरच्या झाडाचा विचार अर्थात वेगळा, तिथे जाणकाराला दाखवावं.

आर्मिलारियाची गोष्ट मात्र निराळी. मरू घातलेल्या झाडाची सुटलेली साल उचलली आणि खाली पांढरे पंख्यासारखे पापुद्रे, सोबत बुटाच्या नाड्यांसारखे काळे दोरे दिसले, तर बहुधा तेच. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॅलूर राष्ट्रीय वनात या कवकाचा एकच जीव सुमारे ९६५ हेक्टरवर पसरलेला आहे. त्याचं वय १,९०० ते ८,६५० वर्षांच्या दरम्यान असावं असा अंदाज आहे. तो लक्षात आला तो मरणाऱ्या झाडांमुळे. भूछत्रं वर्षातले थोडेच दिवस दिसतात. तो मारतो ती झाडं जंगलात मोकळ्या जागा पाडतात, तिथे ऊन पोहोचतं आणि वेगळ्या जातींना शिरकाव मिळतो. लाकूडमालकाला हा रोग वाटतो, जंगलाच्या हिशेबात ती उलाढाल असते.

लाकडावरच्या दोन छोट्या गोष्टी हातात घेऊन बघण्यासारख्या आहेत. स्किझोफायलम हे नखाएवढं, वरून पांढरट लवदार, पंख्याच्या आकाराचं कवक अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांवर वाळक्या फांद्यांवर सापडतं. कोरडं असताना त्याच्या टोपीखालची प्रत्येक पट्टी मधोमध उभी चिरलेली आणि दोन्ही बाजूंना वळलेली दिसते. त्यावर पाण्याचे थेंब टाका आणि भिंगातून पाहत राहा. वळलेल्या कडा हळूहळू सरळ होतात. ते पुन्हा कामाला लागतं. याच कवकात लैंगिक जोडीचे २३,००० हून अधिक प्रकार आहेत, म्हणजे समोर आलेला जवळजवळ प्रत्येक अनोळखी तंतू जोडीदार होऊ शकतो.

दुसरं म्हणजे शिंपला अळंबी, प्ल्युरोटस. लाकडात कार्बन भरपूर, पण नायट्रोजन अगदी तुटपुंजा. ही कमतरता प्ल्युरोटस शिकारीने भरून काढतं. त्याच्या तंतूंवरच्या विषारी थेंबांनी सूक्ष्म सूत्रकृमी लुळे पडतात आणि मग तंतू त्यांच्या शरीरात शिरून त्यांना पचवतात. १९८४ साली थॉर्न आणि बॅरन या संशोधकांनी हे दाखवून दिलं. ओंडक्यावर शांत बसलेला तो पांढरा झुपका मांसाहारी आहे, हे माहीत असलं की त्याच्याकडे बघण्याची नजर बदलते.

रात्री जंगलात थांबायची सोय असेल तर बॅटरी पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवा आणि मग ओल्या, कुजक्या लाकडाकडे बघा. काही कवकांचं भूछत्र, काहींचं नुसतं कवकजाल हिरवट उजेड देतं. डोळे अंधाराला सरावले नसतील तर तो दिसत नाही.

तिसरी पायरी: पाचोळा उचला

पाचोळ्याचा वरचा कोरडा थर बाजूला सारून खालची ओली पानं एकेक करून सुटी करा. दोन पानं एकमेकांना चिकटून येतात, मध्ये पांढरे धागे ताणले जातात. कुठे पानाचा काही भाग ब्लीच केल्यासारखा फिकट झालेला असतो. तिथे लिग्निन मोडणारं कवक काम करतंय. वरचं पान अख्खं, त्याखालचं जाळीदार, त्याखालचा चुरा आणि तळाशी काळी माती, असा क्रम वीतभर खोलीत दिसतो. वही असेल तर प्रत्येक थराची जाडी मोजून लिहा.

या थरावर काडीएवढ्या देठाची, नाजूक टोपीची मॅरास्मियस आणि मायसीना जातीची भूछत्रं उगवतात. मॅरास्मियसपैकी काही जाती घोड्याच्या केसासारखे काळे, चिवट दोरे तयार करतात. उष्ण प्रदेशांतल्या दाट जंगलांत हे दोरे झाडांच्या फांद्यांमध्येच पडणारी पानं अडकवून धरतात, आणि काही पक्षी ते घरट्यात विणतात. पावसाळी जंगलात रिकामं घरटं सापडलं तर भिंग लावून बघा, केस वाटणारा धागा कवकाचा निघू शकतो.

गवतात किंवा मोकळ्या पाचोळ्यावर भूछत्रांचं गोल कडं दिसलं तर कवकजाल मध्यबिंदूपासून चहूकडे सारख्या वेगाने वाढतंय, आणि फक्त बाहेरच्या ताज्या कडेवर भूछत्रं येतायत. कुजवताना सुटलेल्या नायट्रोजनमुळे कड्यालगतचं गवत पुष्कळदा जास्त हिरवं असतं. दर वर्षी कड्याचा व्यास मोजला तर वाढीचा वेग कळतो.

चौथी पायरी: माती असेल तर मान वर करा

खाली लाकूड नाही, पाचोळ्याशीही संबंध नाही, भूछत्र खरोखरच मातीतून आलंय. आता आजूबाजूला कोणती झाडं आहेत ते बघा. इथे बहुधा मायकोरायझा, म्हणजे कवक आणि मूळ यांची भागीदारी चालू असते.

ही भागीदारी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी १८८५ साली नाव देऊन मांडली. प्रशियाच्या सरकारने त्यांना खरं तर ट्रफलची, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या अळंबीची, लागवड करता येईल का ते बघायला सांगितलं होतं. कवक मुळापेक्षा कितीतरी बारीक तंतूंनी मातीच्या कणाकणातून फॉस्फरस, नायट्रोजन आणि पाणी आणून देतं. बदल्यात झाड त्याला प्रकाशसंश्लेषणातून तयार झालेली साखर देतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार जगातल्या वनस्पती दर वर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा कार्बन या कवकांच्या जाळ्याकडे, निदान तात्पुरता तरी, वळवतात. जीवाश्म इंधनाच्या वार्षिक उत्सर्जनाच्या तो साधारण ३६ टक्के भरतो.

तपासायची रीत अशी. भूछत्राजवळची माती बोटांनी सैल करा आणि अगदी बारीक मुळांची टोकं बाहेर काढून पाण्यात अलगद धुवा. भिंगातून टोकं आखूड, फुगीर, कधी दुशाखी, पांढऱ्या-पिवळ्या-तपकिरी आवरणात गुंडाळलेली दिसली आणि त्यांवर मूलरोम नसले, तर तो बाह्य मायकोरायझा. पाइन, ओक, बीच, बर्च, निलगिरी आणि सालवृक्ष यांच्या मुळांवर तो असतो. वनस्पतींच्या एकूण जातींपैकी जेमतेम २ टक्के जाती अशा आहेत. पण पृथ्वीवरची झाडं मोजली तर त्यांतली सुमारे ६० टक्के या मोजक्या जातींची भरतात.

याची उलट बाजू माहीत नसल्याने बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. साग, वड, आंबा यांसारख्या बहुसंख्य झाडांची भागीदारी आर्बस्क्युलर प्रकारच्या कवकांशी असते. ती कवकं मुळाच्या पेशींच्या आत शिरतात आणि भूछत्रं काढत नाहीत. मुळांवरही साध्या भिंगाला काही दिसत नाही. म्हणून अशा जंगलात मातीवर मोठी भूछत्रं क्वचित दिसली तर माती निर्जीव आहे असा अर्थ काढू नये. भागीदारी तिथेही आहे, फक्त ती दाखवणारं भूछत्र नाही. स्कॉटलंडमधल्या राइनी गावाजवळच्या सुमारे ४० कोटी वर्षं जुन्या जीवाश्मांतही वनस्पतींच्या पेशींत अशीच कवकं सापडली आहेत. तेव्हा झाडांना अजून नीट मुळंही फुटली नव्हती.

या भागीदारीवाचून काय होतं ते पाइनच्या लागवडीने दाखवलं. दक्षिण गोलार्धात आणि पोर्तो रिकोसारख्या बेटांवर, जिथे पाइन मुळात नव्हते, तिथे लावलेली रोपं पिवळी पडून खुरटत. जुन्या पाइनखालची माती, म्हणजे तिच्यातलं कवक, आणून टाकल्यावरच ती धरली.

झाडं कवकाच्या जाळ्यातून एकमेकांना मदत करतात, हे वाक्य आता सगळीकडे ऐकू येतं. १९९७ साली कॅनडातल्या सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी बर्च आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवाणघेवाण होते हे जंगलात मोजून दाखवलं, तिथून ही कल्पना पसरली. पण २०२३ साली याच क्षेत्रातल्या तीन संशोधकांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. कार्बन एका झाडाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, मात्र तो जाळ्यातूनच जातो की मातीतून, आणि त्याने रोपाचा फायदा होतो का, हे प्रत्यक्ष जंगलात पक्कं झालेलं नाही, असं त्यांनी मांडलं. मोठं झाड आपल्याच पिलांना ओळखून खाऊ घालतं, याला तर जंगलातला पुरावा त्यांना मिळाला नाही. मला त्या गोड कथेपेक्षा मोनोट्रोपा जास्त पटते. या पांढऱ्याफटक फुलझाडात हरितद्रव्य नाही. ते रसुला कुळातल्या कवकाला चिकटून बसतं आणि शेजारच्या झाडाने कवकाला दिलेली साखर त्याच्याकडून काढून घेतं. झाडाची साखर कवकातून दुसऱ्या वनस्पतीत जाते याचं हे डोळ्यांना दिसणारं उदाहरण, आणि त्यात परोपकार औषधालाही नाही.

पाचवी पायरी: भूछत्र कोण खातंय ते बघा

टोपी उलटी करा. कडेला अर्धगोल कुरतडलेलं आणि चकाकणारा ओघळ दिसला तर गोगलगाय. देठ उभा चिरला आणि आत सुईच्या टोकाएवढी भोकं निघाली तर माश्यांच्या अळ्या. जुन्या ब्रॅकेटखाली पीठ सांडल्यासारखं दिसलं तर आत भुंगेरे राहतायत. दातांच्या जोडखुणा खारीच्या किंवा उंदरांच्या. फिनलंडमध्ये केलेल्या मोजदादीनुसार तिथल्या जंगलांतल्या ४,००० ते ५,००० जाती, म्हणजे एकूण वनजातींपैकी २० ते २५ टक्के, मृत लाकडावर आणि तिथल्या कवकांवर अवलंबून आहेत. स्वच्छतेच्या नावाखाली पडके ओंडके उचलून नेणं म्हणजे काय, ते या आकड्यावरून समजावं.

जमिनीखालीच वाढणाऱ्या ट्रफलसारख्या कवकांना बीजाणू पसरवायला वारा उपयोगाचा नाही. ती वास सोडतात. उत्तर अमेरिकेतल्या उडत्या खारी, ऑस्ट्रेलियातले पोटोरू हे छोटे शिशुधानी प्राणी तो वास काढत उकरतात, खातात आणि विष्ठेतून बीजाणू दुसऱ्या झाडाच्या मुळाशी नेऊन टाकतात. जंगलात ताजी, उथळ उकरलेली जागा दिसली तर आधी तिथे नाक लावा.

वारुळावर किंवा वारुळाजवळ उगवलेलं भूछत्र बहुधा टर्मिटोमायसिस. आफ्रिका आणि आशियातल्या वाळवीच्या एका गटाने सुमारे ३ कोटी वर्षांपासून या कवकाची शेती चालवली आहे. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड चावून त्याचे पोळ्यासारखे गड्डे रचते, कवक ते पचवून देतं. देठ खाली मुळासारखा निमुळता होत थेट त्या गड्ड्यापर्यंत जातो. झांबियात सापडणाऱ्या टर्मिटोमायसिस टायटॅनिकसची टोपी जवळजवळ एक मीटर रुंद होते. देठाचा शेवट गाठायचा म्हणून वारूळ खणू नका.

सहावी पायरी: बीजाणूंचा ठसा

पूर्ण उमललेलं एक भूछत्र निवडा. देठ टोपीला लागून कापा. टोपी खालची बाजू खाली करून काचेच्या तुकड्यावर ठेवा. काच अशासाठी, की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसत नाही आणि काच मागाहून हव्या त्या रंगावर धरता येते. टोपीच्या माथ्यावर पाण्याचा एक थेंब सोडून वरून वाटी पालथी घाला. रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी काचेवर पट्ट्यांची किंवा छिद्रांची हुबेहूब नक्षी उमटलेली असते.

हे बीजाणू नुसते गळत नाहीत. प्रत्येकाच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब तयार होतो, तो बीजाणूवरच्या पाण्याच्या पापुद्र्यात मिसळताच बसलेल्या झटक्याने बीजाणू पट्टीपासून फेकला जातो. तो मिलिमीटरचा अंशभरच जातो, समोरच्या पट्टीला न आदळता मधल्या फटीतून खाली पडायला तेवढं पुरतं. या थेंबाला आर्थर बुलर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखतात.

रंग दिवसाच्या उजेडात ठरवा: पांढरा, गुलाबी, गंजासारखा, चॉकलेटी, काळा. हिरवट ठसा फार थोड्यांचा. उष्ण प्रदेशांत गवतावर उगवणारं, मोठं पांढरं, खवल्यांचं क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स त्यांतलं. ते खाऊन जबर उलट्या-जुलाब होतात, आणि कोवळं असताना त्याच्या पट्ट्या पांढऱ्याच असल्याने लोक फसतात.

विषाबद्दल, थोडक्यात पण निक्षून

या लेखातल्या कुठल्याही पायरीवरून भूछत्र खाण्याजोगं आहे का हे ठरत नाही. किड्यांनी खाल्लंय म्हणजे चालेल, चांदी काळी पडली नाही म्हणजे चालेल, टोपीची साल निघते म्हणजे चालेल, नीट शिजवलं की विष मरतं, हे सगळे समज खोटे आहेत. अमॅनिटा फॅलॉयडिस या जीवघेण्या भूछत्रातली अमॅटॉक्सिन्स ही विषं शिजवून नष्ट होत नाहीत. लक्षणं ६ ते २४ तासांनी सुरू होतात, मग मध्येच बरं वाटू लागतं, आणि त्या वेळात यकृताची नासाडी चालूच असते. एका टोपीएवढ्या मात्रेने माणूस जाऊ शकतो. फोटोवरून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपच्या भरवशावर तर काहीही तोंडात घालू नका. कुणी खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा आणि उरलेलं भूछत्र, शिजवलेलं असलं तरी, कागदात बांधून सोबत न्या.

तोडावं की नाही

स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून २९ वर्षं चाललेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की भूछत्रं उपटल्याने किंवा कापल्याने पुढच्या वर्षांच्या उगवणीत घट आली नाही. तुडवल्याने मात्र भूछत्रांची संख्या कमी झाली. म्हणून नमुन्यासाठी एखादं भूछत्र घेतलं तर फार मनाला लावून घेऊ नका, पण दहा जणांचा घोळका एकाच जागी फिरवू नका. युरोपात मायकोरायझा कवकांना जास्त त्रास झाला तो हवेतून येऊन जमिनीत साचणाऱ्या नायट्रोजनचा. झाडाला नायट्रोजन फुकट मिळू लागला की ते कवकाला साखर द्यायला हात आखडतं. मार्च २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत तपासलेली कवकं १,३०० झाली, त्यांतली किमान ४११ नामशेष होण्याच्या धोक्यात आहेत.

सातवी पायरी: एकच तुकडा, पुन्हा पुन्हा

नवनव्या जागी भटकण्यापेक्षा दहा बाय दहा मीटरचा एक तुकडा ठरवून घ्या. त्यात एक तरी पडका ओंडका आणि दोन तरी जातींची मोठी झाडं असावीत. चारही कोपऱ्यांना सुतळी बांधा, झाडाला खिळे मारू नका. पावसाच्या दिवसांत आठवड्याला एकदा जा आणि दर वेळी एकाच रेषेत चाला, म्हणजे तुडवणंही कमी होतं.

प्रत्येक भूछत्रासाठी वहीत एक ओळ: तारीख, बूड कशावर, कुज कोणती, दोन मीटरच्या आतली झाडं, टोपीचा व्यास, वास, कुणी खाल्ल्याच्या खुणा, ठशाचा रंग. फोटो निदान चार: वरून, बाजूने, खालून आणि बुडाचा. नाव सुचलं तर कंसात, प्रश्नचिन्हासह.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी या ओळी एकमेकींशी बोलू लागतात. एका झाडाभोवतीच रसुला येतात, ते झाड पडल्यावर येईनासे होतात. ओंडक्यावर आधी पातळ, रंगीत ब्रॅकेट, मग जाड, मग नाजूक मायसीना अशी पाळी बदलत जाते. ज्या वर्षी पाऊस लांबला त्या वर्षी पाचोळ्यावरची उगवली आणि मातीवरची आलीच नाहीत, हेही तिथेच दिसतं. २००८ पासून चालू असलेल्या आयनॅचरॅलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर या नोंदी टाकता येतात. तिथे फोटोसोबत बूड कशावर होतं हे हमखास लिहा, कारण ओळख पटवणारा जाणकार आधी तेच विचारतो. दुर्मिळ किंवा लोक हौसेने तोडून नेतात अशी जात असेल तर नेमकी जागा लपवण्याचा पर्याय तिथे आहे, तो वापरा. कोरड्या महिन्यांत वही मिटून ठेवायचं कारण नाही. ब्रॅकेटचे नवे थर, लाकडाची कुज किती पुढे सरकली आणि पाचोळ्याची जाडी किती उरली, हे तेव्हाच निवांत मोजता येतं.